मामांना शब्द शिकवण्याबाबत

सोलापूर,
रविवार, १६ नोव्हेंबर

आदरणीय मामी,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे चैतालीची कंबर दुखते, सिद्धांतला सर्दी आहे आणि नळाला आज पाचव्या दिवशी पाणी आलं. तुमचे गुडघे कसे आहेत? रात्रीचं तेल लावता की बाटली कपाटावर ठेवून तिच्याकडे बघता? मामांचा उजवा हात आता कुठवर जातो? मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "कोपरापातूर उचलत्यात, पर पेला धरवत न्हाय." पहिला अर्धा भाग ऐकून बरं वाटलं. तिकडे शिवारातली ज्वारी गुडघ्याला लागली असेल. इथे फक्त धूळ गुडघ्याला लागली आहे.

त्याच फोनवर तुम्ही एक काम सांगितलं होतंत. "रतना, तू मास्तर हायेस. पोरास्नी शब्द कसं शिकिवतुस ते मला नीट लिवून धाड. फोनवरचं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय. तसंच मी ह्यास्नी शिकिवते." या गोष्टीला तीन आठवडे झाले. उशिराचं कारण सहामाहीचे पेपर. (पेपर चार दिवसांत तपासून झाले होते. पण कारण म्हणून ते तीन आठवडे पुरले.) त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे येणार होतो, तेव्हा मतदारयादीचं काम निघालं. त्याआधी सर्वेक्षण होतं. सरकारने मला कारणांची कमतरता कधी पडू दिली नाही.

मामांची हकीकत मी इथल्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना सांगितली. जुलैत झटका आला, डोकं शाबूत आहे, माणसं ओळखतात, बोललेलं समजतं असं वाटतं, पण तोंडातून एकच शब्द निघतो आणि तो 'बरोबर' हा आहे. बाईंनी लिहून घेतलं. असं होतं म्हणाल्या. कुणाकडे एखादी शिवी उरते, कुणाकडे एखादा आकडा, कुणाकडे बायकोचं नाव. (तुमचं नाव उरलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. झटक्याआधीही मामांनी ते घेतल्याचं मला आठवत नाही.) पण 'बरोबर' का उरला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवताना मामांनी हा शब्द फार जपून ठेवला होता. सातवीपर्यंत मी तुमच्या घरी राहून त्यांच्याच हाताखाली शिकलो. उत्तर बरोबर असलं की ते 'हं' म्हणायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. मी बाईंना म्हणालो, हा न वापरलेला साठा असावा. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, घाई करू नका, रोज थोडं बोलत राहा, आणि घरातल्यांनी शिकवावं. घरात तुम्ही आहात.

येडूचा प्रकार मी फक्त चैतालीला सांगितला. तिला आधी तो खरा वाटेना. शेजारी समाचाराला येतो काय, गुरुजींच्या पायाशी बसून डोळे पुसतो काय, आणि मग विचारतो काय, "गुरुजी, माजं पत्र्याचं शेड तुमच्या अंगनात दोन फूट सरकिवलं तर चालंल न्हवं?" गुरुजी म्हणतात, "बरोबर." दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डे. तुम्ही हटकलंत तर तुम्हालाच म्हणाला, "मालकांनी हूं म्हनल्यावर तुमी कोन, काकू?" त्यानंतर गल्लीतली आणखी तीन माणसं सल्ल्याला येऊन गेली असं तुम्ही सांगितलंत. तिघांचंही बरोबर निघालं. त्यातल्या एकाने जावयाशी भांडू का असं विचारलं होतं आणि तो भांडून आला. चौतीस वर्षांत मामांकडे सल्ल्याला कुणी फिरकलं नव्हतं. लोकांना कसला गुरू लागतो ते आता कळलं.

तर शब्द शिकवण्याच्या परिणामकारक पद्धती. हे नाव माझं नाही, जूनमध्ये आमचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं त्याच्या पुस्तिकेवर ते छापलेलं होतं. तिथे सांगण्यात आलं की शब्द पाठ करून घेणं ही निर्जीव पद्धत आहे, शब्द अनुभवातून द्यावा. मी फार उत्साहात घरी आलो. (त्या उत्साहाबद्दल पुढे लिहीन, किंवा लिहिणार नाही.) माझा वर्ग सातवीचा. बेचाळीस मुलं. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी, कुणी मराठी; आपसात ती सगळी मिळून पाचवंच काहीतरी बोलतात आणि माझ्याशी गप्प बसतात. अशा वर्गावर मी अनुभव सोडले.

सुरुवात चित्रांनी केली. शाळेला चित्रांचा संच आला होता, जाड पुठ्ठ्याचा, चांगल्या रंगांचा. चित्र दाखवायचं, मुलांनी शब्द सांगायचा, नसेल येत तर आपण द्यायचा. मी मोटेचं चित्र दाखवलं. विहीर, बैल, चामड्याची पिशवी, पडणारं पाणी. मग मागून आवाज आला, "सर, बैलाची आंघुळ." नदी दाखवली तर "पाईप फुटला सर." हे उत्तर चार जणांचं आलं आणि चौघांच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखं दिसलं. मी त्यांना चूक म्हणू शकलो नाही. चित्र काढणाऱ्याने जे पाहिलं ते मुलांनी पाहिलेलं नव्हतं आणि मुलांनी पाहिलेलं कुणी काढलेलं नव्हतं. तुम्ही एसटी स्टँडवरून बाराखडीचा तक्ता आणलात आणि रोज सकाळी मामांना अननस दाखवता असं म्हणालात. मामांनी तो तक्ता चौतीस वर्षं भिंतीवर टांगला, पण तुमच्या मंगळवेढ्यात त्यांनी अननस किती वेळा हातात घेतला असेल? तक्ता गुंडाळून ठेवा. मामा त्याला 'बरोबर' म्हणतात ते सवयीने.

मग मी खऱ्या वस्तूंकडे वळलो. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणावी, तिचं नाव सांगावं, ती कशाला लागते ते सांगावं. एका मुलीने कडक भाकरी आणली. तो शब्द मधल्या सुट्टीच्या आधीच संपला. एकाने आजीचा चष्मा आणला, आणि आजी दुपारपर्यंत शेजारणीला स्वतःची सून समजून बोलत राहिली असं नंतर कळलं. (दोघींनाही बरं वाटलं म्हणे.) आणि एका पोराने धोटा आणला. धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा, होडीसारखा. तो नसला तर माग नुसता उभा राहतो. अकराच्या सुमाराला त्याचा बाप अनिलकुमार वर्गाच्या दारात आला. बनियनवर, केसांत कापूस. म्हणाला, "सर, शब्द तुमच्याकडं ठेवा. धोटा द्या. दुसरा फुटलाय, माग थांबलाय."

मी तिथे प्रशिक्षणात शिकवलेली चूक केली. मी म्हणालो, आलाच आहात तर मुलांना दोन मिनिटं धोट्याबद्दल सांगा. अनिलकुमार आधी लाजला. मग आत आला. मग चाळीस मिनिटं बाहेर गेला नाही. त्याने फळ्यावर माग काढला, हाताने धोटा पळवला, तोंडाने मागाचा आवाज काढला, आणि एकेका भागाचं नाव सांगत गेला. त्यातली दोन नावं मला माहीत होती. मुलांनी अकराच्या अकरा पाठ केली, कुणी न सांगता. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातला तो सर्वांत चांगला तास आणि मी तो बाकावर बसून ऐकला. जाताना त्याने फळ्याला नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात मागणी नाही म्हणून त्याचा माग बंद झाला. आता तो दिवसभर मोकळा असतो, शाळेच्या कोपऱ्यावर दिसतो. त्याला पुन्हा बोलवावं असं मला रोज वाटतं. पण आता त्या अकरा शब्दांचं काय करायचं ते मला त्याला सांगता येणार नाही.

तुम्ही हीच पद्धत मनानेच केलीत ते बरं केलंत. चहाचा पेला समोर धरलात आणि म्हणालात, "च्या म्हना. म्हनल्याबिगर देनार न्हाय." मामा पेल्याकडे बघत राहिले, तुम्ही मामांकडे. मग तुम्हालाच रडू आलं, चहा निवला, तुम्ही तो पुन्हा गरम केलात आणि स्वतःच पाजलात. त्यावर मामा जे म्हणाले ते सांगायची गरज नाही. मामी, पद्धत चांगली आहे, पण तुमच्या हातून ती होणार नाही. अडवून धरायला मास्तर लागतो, आणि घरातला मास्तर खाटेवर आहे.

यानंतरची पद्धत मी तुम्हाला सावधपणे सांगतो, कारण तिच्यामुळे माझ्याकडून लेखी खुलासा घेण्यात आला. विशेषणं शिकवत होतो. गृहपाठ दिला की घरातल्या दहा वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवा. प्रत्येक चिठ्ठीवर वस्तूचं नाव आणि आधी एक विशेषण. मुलांनी मनापासून केलं. 'रिकामा डबा', 'मोठं कुलूप', 'कोरडा नळ'. एकाने झोपलेल्या वडिलांच्या कपाळावर 'निवांत बाबा' असं खळीने चिकटवलं. ते तसेच कामावर गेले आणि दुपारपर्यंत तिथे त्यांना कुणी काही बोललं नाही, यावरून तिथली माणसं कशी आहेत ते कळतं. इथवर ठीक होतं. पण वर्गात आरोही नावाची मुलगी आहे आणि तिचा चुलतभाऊही आहे. तिचे वडील गुरुलिंग, त्याचे वडील शिवप्पा, सख्खे भाऊ. दोन्ही घरांमध्ये अंगणात कमरेएवढी भिंत आहे आणि ती कुणाची यावर कोर्टात खटला चालू आहे. सहा वर्षं भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. मुलांनाही एका बाकावर बसायची घरून बंदी आहे. आरोहीने भिंतीला आपल्या बाजूने चिठ्ठी लावली, 'आमची भिंत'. पलीकडून पोराने लावली, 'आमची भिंत'. दोघांनी एकमेकांचं पाहिलेलं नव्हतं. दोघांचंही अक्षर मीच वळवलेलं.

दुसऱ्या दिवशी दोघेही भाऊ मुख्याध्यापिकांच्या खोलीत, एकाच बाकाच्या दोन टोकांना. मला बोलावलं गेलं. गुरुलिंग उभा राहिला. "सर, पुढल्या आठवड्यात कोर्टात तारीख हाय. आनि तुमी हितं निकाल दिला?" त्यावर शिवप्पा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "निकाल कुटला? दोन निकाल दिल्यात." गुरुलिंग म्हणाला, "व्हय की. एक तरी द्यायचा." मग दोघे एकमेकांकडे वळून कन्नडमध्ये बोलायला लागले. मुख्याध्यापिकांना कन्नड येत नाही, मला थोडं येतं. ते माझ्याबद्दल बोलत होते आणि त्यांचं एकमत होत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच. जाताना ते एका मोटरसायकलवर बसून गेले. शिवप्पा मागे, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. मी मुख्याध्यापिकांना म्हणालो, बाई, बघा, शिक्षणाने काय होतं. त्या म्हणाल्या, "सरवदे सर, दोन दिवसांत खुलासा द्या." खुलाशात मी विशेषणाची व्याख्या लिहिली. तारखेनंतर भाऊ पुन्हा बोलेनासे झाले. भिंत आता डोक्याच्या वर गेली आहे. तेवढ्यापुरते ते एकत्र आले होते, विटा दोघांनी मिळून आणल्या.

तुमच्याकडे चिठ्ठ्या लावायला हरकत नाही. मामांना वाचता येतं का ते तरी कळेल. फक्त येडूच्या बाजूला काही चिकटवू नका.

शेवटची पद्धत माझी स्वतःची, पुस्तिकेतली नाही. सोमवारी प्रत्येक मुलाला एक शब्द द्यायचा. तो आठवडाभर त्याचा. अट अशी की खरंच गरज पडेल तेव्हाच वापरायचा, उगाच नाही. एकाला 'कदाचित' दिला, त्याने त्या दिवसापासून गृहपाठ कदाचित केलेला असतो. एकाला 'निषेध' दिला, त्याने तो आठवडाभर खिचडीसमोर वापरला, आणि त्या खिचडीसमोर तो हवाच होता. वर्गात तेजश्री म्हणून मुलगी आहे. आई विड्या वळते, ही घरी तिला पानं कापून देते, वर्गात काही बोलत नाही. वाटता वाटता शेवटी 'तथापि' उरला तो तिला गेला. सोमवार ते गुरुवार तिने तोंड उघडलं नाही. शुक्रवारी विस्तार अधिकारी तपासणीला आले. त्यांनी पाढे विचारले, राजधान्या विचारल्या, आणि निघताना हसून विचारलं, "काय रे मुलांनो, सर कसं शिकवतात?" तेजश्री उभी राहिली. म्हणाली, "सर चांगलं शिकवत्यात, तथापि." आणि खाली बसली.

साहेब थांबले. मी थांबलो. बेचाळीस मुलं थांबली. साहेब म्हणाले, "पुढं?" ती पुन्हा उभी राहिली. "पुढं न्हाय सर. एवढंच हाय." साहेबांनी पेन काढून शेऱ्याच्या वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं हे मला अजून दाखवण्यात आलेलं नाही. पण मामी, बावीस वर्षांच्या नोकरीत तो शब्द इतका नेमका वापरलेला मी ऐकला नाही. त्या मुलीला तो आता मरेपर्यंत येईल. जून ते नोव्हेंबर, सगळ्या पद्धती, बेचाळीस मुलं, आणि एक शब्द. एवढंच माझ्याकडे तुम्हाला कळवण्यासारखं आहे. शब्द दाखवून येत नाही, हातात देऊन येत नाही, चिकटवून तर नाहीच. तो नाही म्हणून माणूस अडला की येतो. तोही कधी कधी.

चैतालीने वरचं सगळं वाचलं. ती म्हणाली, "छान लिहिलंय. एवढ्या वेळात मंगळवेढ्याला जाऊन परत आला असता." मी म्हणालो, मामींनी लिहूनच मागितलंय. ती म्हणाली, "त्यांनी पद्धत मागितलीय. तुम्ही पाच पानं कारण दिलंय." पुढच्या सोमवारी मलाही एक शब्द द्यावा लागणार.

मामांची औषधं वेळेवर द्या. स्वतः जेवत जा. सिद्धांत आजोबांना जय भीम सांगतो. तुम्हा दोघांना माझा जय भीम.

तुमचा भाचा,
रत्नदीप

ता. क. येडूला सांगा की शेडचं काय ते लेखी लागेल. मामांना डाव्या हाताने सही करता येईपर्यंत खड्डे बुजवून ठेव म्हणावं, अंधारात त्यात कुणी पडेल. तो ऐकणार नाही. तरी सांगा.

आणखी ता. क. जे लिहायला बसलो ते वर कुठेच आलं नाही. जूनच्या शेवटच्या रविवारी मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही आत भाकऱ्या थापत होतात. बाहेर मामांनी वह्यांचा गठ्ठा सोडला होता. चौतीस वर्षांतल्या मुलांच्या वह्या, आठवड्याला पन्नास शब्द, प्रत्येकापुढे अर्थ, मामांची लाल खूण. त्या ते मला देणार होते, माझ्या वर्गासाठी. मी नुकताच प्रशिक्षणाहून आलो होतो. मी म्हणालो, मामा, यातलं काही कामाचं नाही. मुलांनी शब्द पाठ केले, वापरला एकानेही नाही. चौतीस वर्षांत तुम्ही एका मुलाला बोलतं केलं नाहीत. वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. मी ते शब्द निवडून बोललो होतो. (ते निवडायला मला कुणी शिकवलं होतं, हे त्या वेळी सुचलं नाही.) मामांनी गठ्ठा पुन्हा बांधला आणि तुम्हाला चहा टाकायला सांगितलं. नवव्या दिवशी झटका आला. डॉक्टर म्हणाले रक्तदाब. मीही सगळ्यांना रक्तदाबच सांगतो.

पंढरपूरच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा मामा झोपले होते, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. ते झोपेपर्यंत मी खाली चहाच्या गाड्यावर थांबलो होतो. सोलापूर ते मंगळवेढा एसटीने दीड तास लागतो. मला चार महिने लागले आहेत आणि मी अजून निघालेलो नाही. मी येऊन समोर बसेन, जूनमधलं ते बोलणं काढेन, विचारेन की मामा, मी बोललो ते कसं होतं. आणि ते म्हणतील, बरोबर. त्यांच्याकडे दुसरं काही नाही हे मला कळतं. तरी ते ऐकून मला परतीच्या गाडीत बसता येणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. चहा, पाणी, भाकरी हे शब्द राहू द्या; ते त्यांनी मागितले नाहीत तरी तुम्ही देणारच. आधी 'चूक' शिकवा. लहान शब्द आहे. रोज एखादी गोष्ट मुद्दाम चुकवा. चहात मीठ घाला. सदरा उलटा घाला. घड्याळ दोन तास पुढे ठेवा. आणि ते अडतील तोवर गप्प बसा. तुमच्याकडून हे होईल असं मला वाटतं, कारण यात त्यांना उपाशी ठेवावं लागत नाही. शब्द आला की कळवा, मी दुसऱ्या दिवशी निघतो. आणि हे माझं सांगणं आहे, हे मामांना कळू देऊ नका.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवलं आणि आठवलं की तुम्हाला मनात वाचता येत नाही. लग्नानंतर मामांनी तुम्हाला पाटीवर वाचायला शिकवलं ते ओळीखाली बोट ठेवून, मोठ्याने; तुम्ही अजून लाइटचं बिलही तसंच वाचता, आणि बसता त्यांच्याच खाटेवर. म्हणजे तुम्ही इथवर वाचत आलात तेव्हा वरचं सगळं त्यांनी ऐकलेलं आहे. मागची दोन पानं काढून टाकावीत म्हणून मी पाकीट फोडलं. पानं बाजूला काढली, पुन्हा जागेवर लावली. मग उरलेल्या जागेत हे लिहिलं.

मामा, मी येत्या रविवारी पहिल्या एसटीने निघतो. शब्द आला नसला तरी निघतो. मान आडवी हलवलीत तरी मला समजेल.

मामी, पुढे काही लिहिलेलं नाही. वाचायचं थांबा आणि त्यांच्याकडे बघा.